थांबल्यानंतरचा धक्का

सिग्नलला ट्रक थांबला तरी तिने ब्रेकवरचा पाय उचलला नाही. उलट जरा अधिकच दाबला, पाठ सीटला चिकटवली, मान ताठ धरली आणि मागून येणाऱ्या धक्क्याची वाट पाहू लागली. धक्का आला नाही. समोरचा दिवा हिरवा झाला, शेजारची रांग सुटली, मागच्या गाडीने एकदा सभ्यपणे आणि मग असभ्यपणे हॉर्न वाजवला, आणि ती मात्र जे वजन तिच्या मागे नव्हतंच त्याची वाट पाहत बसली होती. मग लक्षात आलं आणि तिला हसू आलं. गिअर टाकून ती निघाली. पण पुढच्या चौकात पुन्हा तेच झालं, त्याच्या पुढच्या चौकातही. डोक्याला माहीत होतं की मागे साबणाची आणि कपडे धुण्याच्या पावडरची खोकी आहेत, पट्ट्यांनी आवळलेली, गाडी थांबली की गाडीबरोबरच थांबणारी. पाठीला ते माहीत नव्हतं. पाठीला अजून तेलच माहीत होतं.

खाण्याच्या तेलाच्या टँकरला आत कप्पे नसतात. कप्प्यांच्या कोपऱ्यांत जुनं तेल राहिलं तर ते नव्याला नासवतं, म्हणून टाकी आतून एखाद्या लांबलचक बाटलीसारखी गुळगुळीत ठेवतात. ती काठोकाठ भरताही येत नाही, कारण उन्हाने तेल फुगतं. म्हणजे आत कायम थोडी मोकळी जागा, आणि मोकळी जागा आली की लाट आली. चाकं थांबतात, गाडी थांबते, पण तेलापर्यंत ही बातमी उशिरा पोचते. ते आपल्या पहिल्याच वेगात पुढे येतं, टाकीच्या पुढच्या भिंतीवर आदळतं आणि थांबलेल्या गाडीला अख्ख्या वजनानिशी ढकलतं. मग मागे जातं, पुन्हा येतं, जरा कमी. पुन्हा जातं, पुन्हा येतं, आणखी कमी. नवखा माणूस गाडी थांबली की पाय सैल सोडतो आणि थांबलेली गाडी त्याच्या डोळ्यांदेखत चौकाच्या मध्यावर जाऊन उभी राहते. तिला टँकर शिकवणारे उस्ताद फारसे बोलके नव्हते. पहिल्या दिवशी ते एवढंच म्हणाले होते, "थांबलीस म्हणजे काम संपलं असं समजू नकोस. मागच्याला अजून थांबायचंय." का, ते त्यांनी सांगितलं नाही. संध्याकाळी बसने घरी येताना तिने अर्धी भरलेली पाण्याची बाटली मांडीवर आडवी धरली होती आणि बस थांबली की पाणी काय करतं ते प्रत्येक थांब्यावर बघितलं होतं. शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली. तिला मात्र त्या प्रवासात सगळं कळलं, आणि तेव्हापासून आजवर तिची थांबलेली गाडी एक वीतभरही पुढे सरकलेली नव्हती. हा गर्व नव्हता. मापाने तपासून पाहावी अशी ती एक गोष्ट होती.

आता प्रश्न असा होता की ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गाड्या वाटून देणाऱ्या साहेबांनी, ज्यांना त्यांच्या आवाजामुळे सगळे पाठीमागे भोंगा म्हणत, तिच्यासमोर दोन किल्ल्या ठेवल्या होत्या. एक नव्या कोऱ्या टँकरची. लांब पल्ला, केबिनमध्ये झोपायला पुरी लांबीची गादी, काच एवढी मोठी की समोरचं आभाळ मांडीवर आल्यासारखं वाटावं. दुसरी शहरातल्या बंद डब्याच्या ट्रकची. तो चालवणारा म्हातारा गुडघ्यांमुळे घरी बसत होता. सकाळी गोदामातून निघायचं, दुकानांना माल द्यायचा, संध्याकाळी घरी. आठवडाभर शहरातला चालवून बघा, ताई, भोंगा म्हणाले होते, आणि शनिवारी संध्याकाळी मला एक काय ते सांगा, सोमवारी टँकर निघतो, तुम्ही नाही तर दुसरा कोणीतरी घेऊन जाईल. ऑफिसातले सगळे धरून चालले होते की ती टँकर घेणार, कारण तिच्याएवढा तो कोणाला शोभला नसता. नणंद धरून चालली होती की ती शहरातला घेणार. फोनवर तिने अभिनंदनही करून टाकलं, वहिनी, सुटलीस एकदाची, आता जरा घरच्यासारखी घरी राहा. घरच्यासारखी म्हणजे कशी ते तिने नणंदेला विचारलं नाही. पण दिवसभर आरशातून मागे बघताना तो शब्द तिला दिसत राहिला, आरशातल्यासारखाच उलटा.

कारण घर तिच्या ओळखीचं होतं, पण तिच्या हाताचं नव्हतं. केबिनमध्ये पाण्याची बाटली कुठे, टॉर्च कुठे, पायपुसणं कुठे हे ती डोळे मिटून सांगू शकली असती. इथे मंगळवारी तिने चहा केला आणि पत्तीचा डबा जिथे रिकामी जागा दिसली तिथे ठेवला, तर बुधवारी सकाळी नवरा तो डबा शोधत सगळी फळी धुंडाळत होता, न रागावता, चष्म्याच्या दुकानात एखादा बारीक स्क्रू हरवल्यावर शोधावा तसा. तो भिंगं घासायचं काम करी. नंबराप्रमाणे काच घासायची, उजेडाकडे धरायची, पुन्हा घासायची. त्यामुळे त्याला घाई नावाची गोष्ट ठाऊकच नव्हती. इतकी वर्षं त्याने घर आणि मुलगी अशीच, उजेडाकडे धरून, सांभाळली होती. ती भांडी घासायला उठली की तो म्हणे, राहू दे, मी करतो. यात प्रेम होतं हे तिला कळत होतं. पण पाहुण्यांनाही तो हेच म्हणत असे. कोणती किल्ली घेऊ असं तिने त्याला विचारलं तेव्हा त्याने नेहमीचं उत्तर दिलं, तुझं तू ठरव, आणि मग म्हणाला, "फक्त आमच्यासाठी म्हणून काही ठरवू नकोस. नंतर वर्षभर तोंड बघावं लागेल तुझं." ती हसली. त्याला जेवढं बोलता येत होतं त्या मानाने हे भाषणच होतं.

खरी अडचण मुलीची होती, आणि ती अडचण आहे हे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण दिसायला सगळं छान होतं. लांबच्या फेरीवर असताना रोज दिवेलागणीला मुलीचा फोन येई. ही वेळ चालकाला सगळ्यांत वाईट. उजेड गेलेला नसतो आणि राहिलेलाही नसतो, रस्ता आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं होतं, पोटात दुपारचं जेवण जड झालेलं असतं, आणि मागे तेल पाळण्यासारखं हलत असतं. तेवढ्यात केबिनमधल्या स्पीकरवर मुलीचा आवाज येई, आणि मग तासभर तो थांबत नसे. शाळेत काय झालं, बाई काय म्हणाल्या, आणि मुख्य म्हणजे ढगळी. ढगळी ही मुलीची जिवलग मैत्रीण. थोरल्या बहिणीचा सैल फ्रॉक घालून शाळेत येई म्हणून तिचं हे नाव पडलं होतं. ढगळीच्या घरी एक कावळा येई. तो साबण चोरत असे. आधी वड्यांचे तुकडे नेई, मग अख्ख्या वड्या, मग शेजाऱ्यांच्याही. एकदा ढगळीच्या आजोबांनी दाढीचा साबण दोरीने नळाला बांधला, तर कावळ्याने दोरी सोडली आणि दोरीही नेली. स्टिअरिंगवर हात ठेवून ती इतकी हसली होती की पुढच्या टपरीवर थांबून तिने डोळे धुतले. कावळ्याचं पुढे काय झालं हे ऐकायचं म्हणून तिने कधीकधी दिवसभर संध्याकाळची वाट पाहिली होती, आणि रस्त्याच्या कडेला तारेवर कावळा दिसला की तिची नजर आपोआप त्याच्या चोचीकडे जाई.

आणि आता ती रोज संध्याकाळी घरी होती, हात-पाय धुऊन मुलीच्या समोर बसत होती, काय झालं आज शाळेत म्हणून विचारत होती, आणि मुलगी म्हणत होती, काही नाही. उद्धटपणे नाही, दुःखाने नाही. मीटरचा काटा शून्यावर असतो तसं, काही नाही. सोमवारी तिला वाटलं दमली असेल. मंगळवारी वाटलं, समोरासमोर बसून बोलायची सवय नसेल. फोनवर बोलताना आपण रस्त्याकडे बघतो, ती भिंतीकडे बघते, एकमेकींच्या तोंडाकडे कोणी बघत नाही, आणि इथे आपण तिच्याकडे डिझेलच्या काट्याकडे बघावं तसं टक लावून बघतो. म्हणून बुधवारी ती मुलीच्या शेजारी बसली, दोघींची तोंडं खिडकीकडे. मुलीने थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि बाहेर काय आहे असं विचारलं. ढगळी कशी आहे? बरी आहे. आणि कावळा? तोही बरा आहे. एवढं बोलून मुलगी गणितं घेऊन बसली, आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं की आपण घरी आल्यामुळे काहीतरी बंद पडलंय. हे जर असंच असेल, लांबून हजार गोष्टी आणि जवळून एकही नाही, तर मग टँकरची किल्ली घ्यायला कसली हरकत आहे? निदान तासभर तरी मुलगी मिळते.

गंमत म्हणजे कामावर तिला काहीच कमी पडत नव्हतं. शहरातलं काम म्हणजे उतारवयातलं काम अशी तिची समजूत होती, ती गुरुवारपर्यंत मोडली. लांब पल्ल्याला गाडी चालवायची असते. इथे वळवायची आणि बसवायची असते. मागच्या बाजूच्या एका गल्लीत दोन्हीकडे दुकानांच्या पायऱ्या होत्या आणि तिथे ट्रक उलटा घालावा लागे. म्हातारा चालक कसा घालत होता असं तिने दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, शिव्या देत. तिने उतरून गल्ली एकदा चालून पाहिली, पायऱ्या डोळ्यांत साठवल्या, आणि मग दोन्ही आरशांत बोटभर उजेड धरून ट्रक सरळ आत नेला. दुकानदाराने चष्मा काढून पुसला. तिला शिट्टी वाजवावीशी वाटली आणि तिने ती वाजवली. आपल्या हातांना हे येतं आणि तेही येतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. त्यामुळे प्रश्न हातांचा नव्हता, आणि हातांचा नसलेला प्रश्न कुठे धरायचा असतो हे तिला नीट माहीत नव्हतं. त्याच दुकानात एक खोकं कोपऱ्यात दबलं होतं. चेपलेल्या वड्या दुकानदाराने तिला देऊन टाकल्या. त्यातली एक तिने रुमालात गुंडाळून ठेवली. घरी गेल्यावर ती मुलीपुढे ठेवून म्हणाली, ही ढगळीच्या कावळ्याला, आणि रविवारी ढगळीला जेवायलाच बोलव, मला बघायचीय ती. मुलीचा चेहरा त्या क्षणी असा झाला की दिवसभर आरशांत बारीक फरक टिपत आलेल्या तिच्या डोळ्यांतून ते सुटणं शक्य नव्हतं. ढगळी गावाला गेलीय, मुलगी म्हणाली. शाळा चालू असताना? हो. कधी येणार? माहीत नाही. साबणाची वडी टेबलावर राहिली. नंतर अंथरुणावर पडल्यावर तिला आठवलं की ढगळीचं घर एकदा तिसऱ्या मजल्यावर होतं आणि एकदा त्याला अंगण होतं. हे तिला तेव्हाही खटकलं होतं. पण रस्त्यावर समोरून ट्रक येत होता, आणि नंतर विसरायला झालं.

शनिवारी जेवणं झाल्यावर नवरा राहू दे म्हणायच्या आत ती भांडी घासायला उभी राहिली. तो शेजारी येऊन धुतलेली ताटं पुसू लागला. फोन खिडकीत ठेवला होता. भोंगा आता केव्हाही विचारणार होते. मुलगी मागे टेबलाशी बसली होती. समोर सिंकच्या वरची भिंत, भिंतीवर ओलाव्याचा एक डाग. काय सांगणार हे तिचं अजून ठरलेलं नव्हतं, पण टँकरकडे तिचं मन झुकत चाललं होतं हे तिला कळत होतं. उतारावर गाडी आपली आपण पुढे होते, तसं.

"ढगळी नाहीये," मागून मुलगी म्हणाली.

"गावाला गेलीय ना," ती म्हणाली. वळली नाही.

"नाही. नाहीचये. म्हणजे कधी नव्हतीच. कावळा पण नव्हता. एक कावळा आला होता एकदा, पण त्याने काही नेलं नाही."

नळ चालू होता. तिने तो बारीक केला. मुलीचा आवाज फोनवर येई तसा येऊ लागला, न थांबता, पाठीमागून. पहिल्यांदा तू लांब गेलीस ना, तेव्हा मी रडत होते, तेव्हा बाबा म्हणाला, संध्याकाळी गाडी चालवताना आईला झोप येते, आता तुझं काम काय, तर आईला झोपू द्यायचं नाही. म्हणून मी फोन करायला लागले. आधी खरं सांगायचे. पण शाळेत रोज तेवढं होत नाही. एक दिवस काहीच झालं नव्हतं आणि तू नुसती हं हं करत होतीस, मला वाटलं तुला झोप येतेय. मग मी ढगळी केली. मग कावळा केला. वर्गात बसून मी ठरवायचे संध्याकाळी काय होणार ते.

पुसायचं ताट हातात धरून नवरा उभा होता. "मी म्हणालो होतो असं?" त्याने हळूच विचारलं, कोणालाच नाही. रडणाऱ्या पोरीला काहीतरी करायला द्यावं म्हणून बोललेलं एक वाक्य. तो ते त्याच दिवशी विसरला होता. ते वाक्य घेऊन ही पोर इतकी वर्षं रोज कामावर जात होती.

"आज सांगायचंय ना तुला त्यांना?" मुलगी म्हणाली. "तू लांबचं घेणार असशील तर घे, आई. माझ्याकडे आहे अजून. कावळ्याचं लग्न बाकीये. ते खूप दिवस पुरेल."

तेव्हा तो आला. ती ज्याची आठवडाभर प्रत्येक चौकात वाट बघत होती तो, अख्ख्या वजनानिशी, पाठीच्या मधोमध. तिने सिंकचा काठ दोन्ही हातांनी धरला. आपला उजवा पाय फरशी दाबतोय, टाच वर, चवडा खाली, सगळं बळ लावून, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने तो तसाच ठेवला. एवढं तिला येत होतं. या घटकेला काही बोलायचं नाही, वळायचं नाही, धावत जाऊन पोरीला पोटाशी धरायचं नाही आणि काही कबूलही करायचं नाही. कारण थांबलेली माणसं चौकाच्या मध्यावर जातात ती अशाच वेळी. तिने भिंतीवरच्या डागाकडे बघितलं. त्या राखाडी रस्त्यावर ती कधी एकटी नव्हतीच तर. शेजारच्या रिकाम्या सीटवर कोणीतरी बसलं होतं, पाय खाली न पोचणारं, डोळे ताणून रस्त्याकडे बघणारं, आणि ज्या दिवशी आई घरी आली त्या दिवशी त्याने सुटीवर गेल्यासारखं म्हटलं होतं, काही नाही.

"तुला खरंच यायची झोप?" मागून आलं. जरा हलकं.

खोटं बोलता आलं असतं. "यायची कधीकधी," ती म्हणाली. "पण दाढीच्या साबणाची दोरी नेली त्या दिवशी आली नाही. नंतर कितीतरी दिवस आली नाही."

"मग बरोबर," मुलगी म्हणाली, हिशेब जुळल्यासारखी. हे आणखी हलकं होतं.

फोन वाजला. तिने हात पुसले, तो वाजू दिला, पुन्हा पुसले. नव्या टँकरची ती मोठी काच तिला एकदा पूर्ण दिसली, सकाळचं ऊन पडलेली, समोर कोणीच नसलेला रस्ता. आणि आपल्याला ती आवडते, पुढेही आवडेल, कोणाच्या तरी टँकरला रस्ता देताना दरवेळी आठवेल, हेही तिने पाहून घेतलं. मग फोन उचलून ती म्हणाली, "साहेब, शहरातला द्या मला." भोंग्यांचा आवाज स्वयंपाकघरभर ऐकू आला. नवा टँकर तुमच्याशिवाय कोण चालवणार इथपासून त्यांनी सुरुवात केली, आणि शेवटी जरा चाचपत विचारलं, घरच्यांनी अडवलं का?

"छे," ती म्हणाली. "कोणी अडवलेलं नाही. मी थांबलेय."

फोन ठेवून ती पुन्हा भांड्यांकडे वळली. नवऱ्याने हातातलं ताट, जे केव्हाच कोरडं झालं होतं, पुन्हा पुसायला घेतलं. तिने कढई पाण्याखाली धरली आणि भिंतीकडे बघतच विचारलं, "मग कावळ्याचं लग्न ठरलं कुठे?"

"आई, अगं कावळा नव्हता."

"ते कळलं मला. मी लग्नाचं विचारतेय."

"पण तू तर आता जागीच आहेस."

"जागी आहे म्हणूनच. अर्धवट झोपेत काय ऐकायचंय त्यात."

मागे खुर्ची सरकली, टेबलावरून काहीतरी उचलल्याचा आवाज आला, आणि मुलगी तिच्या उजव्या कोपराशी येऊन उभी राहिली, तोंड भिंतीकडे. चेपलेली साबणाची वडी हातात फिरवत ती म्हणाली, "ठरलं होतं. पण मुलीकडच्यांनी एकच अट घातली. साबण आणायचा नाही, आमच्यात कोणी अंघोळ करत नाही."

आधी नवरा हसला. त्याचं हसणं ऐकताना तिला कळलं की फरशीवर दाबलेला पाय दुखतोय, आणि तिने तो उचलला.